शिंपला हलवताना

झटका आल्यानंतर तिसऱ्या दिवशी दादा पहिला शब्द बोलला, आणि तो शब्द माझं नाव नव्हता. पाणी नव्हता, आई नव्हता, देव तर नव्हताच. त्याची उजवी बाजू पूर्ण गेलेली, तोंड एकीकडे ओढलेलं. त्या उरलेल्या अर्ध्या तोंडातून, सगळा जीव एकवटून, तो म्हणाला, "शिंपला."

डॉक्टरांनी मान हलवत कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "असं होतं. शब्द चुकीचे येतात. पेशंटला पाणी हवं असतं आणि तो दरवाजा म्हणतो. मनाला लावून घेऊ नका."

"नाही, म्हणजे त्याच्याकडे खरंच शिंपला आहे."

"कुठे?"

"घरी. पाळलेला."

डॉक्टरांनी या वेळी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. हा आजार एका घरात दोघांना होऊ शकतो का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर नकाशे काढले, निवृत्त झाला आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहू लागला. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला भेटावं लागतं. त्याच्या पुढच्या खोलीत पलंगाच्या जागी पलंगाएवढी काचेची टाकी होती, आणि तो स्वतः आतल्या खोलीत जमिनीवर झोपायचा. टाकीत खारं पाणी, खडक, थोडी पोवळी, दोन मासे, आणि मधोमध तो शिंपला. माझ्या दोन ओंजळींएवढा. त्याच्या उघड्या तोंडातून निळी, मखमली झालर बाहेर आलेली असायची. झालरीच्या कडेने बारीक बारीक शेकडो डोळे असतात, असं दादाने मला एकदा सांगितलं होतं. इतक्या डोळ्यांनी आपल्याकडे बघून कोणी काहीच बोलत नाही, ही गोष्ट मला त्या घरात फार वेळ बसू देत नसे.

तर दादा म्हणाला "शिंपला", आणि मी म्हणालो, "काळजी करू नकोस, मी बघतो." आयुष्यात मी हे वाक्य ज्या ज्या वेळी उच्चारलंय, त्या त्या वेळी ते माझ्या अंगाशी आलंय.

घरमालकाकडे गेलो तर ते म्हणाले, "बरं झालं आलात. सोमवारपासून सगळ्या इमारतीचं वायरिंग बदलायचंय. तीन दिवस वीज नाही." म्हणजे पंप नाही, दिवे नाहीत, पाणी गार. टाकी माझ्या घरी हलवण्यावाचून इलाज नव्हता. "खुशाल हलवा," घरमालक म्हणाले. "फक्त भाडेकरूच्या सहीचं पत्र द्या. उद्या त्यांनी विचारलं, माझी वस्तू कुठाय, तर मी काय सांगू?"

"अहो, त्याची उजवी बाजू गेलीय."

"डाव्या हाताची सही चालेल. पण ती त्यांचीच आहे, असं इस्पितळाने लिहून द्यायला हवं."

मी स्वतः विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात पंचवीस वर्षं बसून लोकांकडून असेच कागद मागत आलोय. त्यामुळे मला धड रागही येईना. इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईंनी एक अर्ज पुढे सरकवला. 'रुग्ण शुद्धीवर असून खालील कारणासाठी सही करण्यास समर्थ आहे.' खाली कारणं छापलेली होती: बँक, मालमत्ता, विवाह, इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'शिंपला हलवणे.'

बाईंनी ते वाचलं. "नातं?"

"भाऊ."

"शिंपल्याचा?"

त्या हसत नव्हत्या. रकाना भरायचा होता म्हणून विचारत होत्या.

दादाने डाव्या हाताने सही केली. आयुष्यभर ज्याच्या रेघेला कधी कंप नव्हता, त्याची ती सही बघून मी कागद लगेच घडी घालून खिशात ठेवला. दादा माझ्या खिशाकडे बघत राहिला.

सोमवारी सकाळी मी, चार हमाल आणि आमच्या शेजारचे प्राध्यापक असे मोहिमेवर निघालो. प्राध्यापक बोलावल्याशिवाय आले होते. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून विद्यार्थी शोधत होते. मी म्हणालो, "पण सर, हा प्राणी आहे." ते म्हणाले, "तत्त्व एकच."

दादाच्या टाकीजवळ त्याची वही होती. नकाशावर असतात तशा सरळ अक्षरांत सगळं लिहिलेलं. एका पानाला मथळा, 'शिंपला हलवताना'. पाणी किती उबदार, किती खारट. पाण्याखालीच उचलावा, उलटा धरू नये, उजेडाची सवय हळूहळू करावी. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: 'खडकाला चिकटलेला असल्यास खडकासकट हलवावा. ओढू नये.'

हे मी वाचलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर बऱ्याच जणांनी माझी बाजू घेताना 'यांना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार' असं म्हटलं, आणि मी ते म्हणू दिलं.

मासे डब्यात गेले, पोवळी बादलीत गेली, पाणी पिंपांत गेलं. टाकीत कोपरभर पाणी आणि शिंपला उरला. तो ज्या खडकाला चिकटला होता, तो खडक इतर तीन खडकांच्या खाली रुतला होता आणि हलेना. हमाल म्हणाले, पहार लागेल. दारात वायरमन उभा होता. "साहेब, आटपा. मला अजून चार घरं आहेत." प्राध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, "रोप उपटताना मूळ थोडं तुटतंच. नवीन फुटतं. निसर्ग आहे तो."

मी शिंपल्याला दोन्ही हातांनी धरलं. तो मिटला. मी ओढला.

आवाज पाण्याखाली झाला, पण मला तो हातातून ऐकू आला. जुनं कापड टरकन फाटतं तसा. खडकावर पांढऱ्या तंतूंचा एक झुबका राहिला, रेशमाच्या गुंत्यासारखा, आणि पाण्याबरोबर हलत राहिला. मग प्राध्यापक म्हणाले, "बघा, सुटला की नाही!"

आमच्या इमारतीत लिफ्टच्या दारावर पाटी आहे: 'लिफ्टमध्ये पाणी नेऊ नये.' पाटीखाली सेक्रेटरी उभे होते.

"बादल्या आहेत नुसत्या," मी म्हणालो.

"पाणी आहे."

"समुद्राचं आहे हो."

"मग तर मुळीच नाही. गंज चढेल."

चौथ्या मजल्यापर्यंत ते पाणी जिन्याने गेलं. शिंपल्याची बादली मी स्वतः नेली. प्रत्येक मजल्यावर दार उघडून कोणीतरी आत डोकावायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "हा शिजायला किती वेळ घेतो?" सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर, नेमके आमच्या खाली राहतात. टाकी आमच्या बैठकीत सोफ्याच्या जागी बसली, तेव्हा त्यांनी खालून पत्राने कळवलं की आपण आपला पलंग भिंतीकडे सरकवला आहे, आणि काही बरंवाईट झालं तर हे पत्र पुरावा समजावं. पत्राची पोच त्यांनी माझ्याकडून घेतली.

बायकोने सगळं शांतपणे पाहिलं. जमिनीवरचं खारं पाणी तीनदा पुसलं. मग म्हणाली, "अहो, मी दादांना घरी आणायला तयार होते. ते सोपं पडलं असतं."

खरे हाल तिथून पुढे. शिंपला उघडला, पण नको तितका. मधूनच झालर आत घ्यायचा, एका बाजूने चिमटल्यासारखी. निळा रंग कडेने फिका पडू लागला. आमच्याकडे रीघ लागली. निरोगी शिंपल्यावर सावली पडली की तो चटकन मिटतो, हे प्राध्यापकांनी कुठेतरी वाचलं आणि जिन्यात जाहीर केलं. मग काय! जो येई तो टाकीवरून हात फिरवी. "मिटला, मिटला! बरा आहे की." आजींनी फिरवला, सेक्रेटरींनी फिरवला, वीजबिल वाटायला आलेल्या माणसाने पिशवीसकट फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शिंपल्याने मिटणं सोडून दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "सवय झाली त्याला आपली."

सल्ले तर विचारू नका. पाण्यात थोडी साखर घाला. टाकीचं तोंड दुसऱ्या दिशेला करा. त्याच्याशी बोलत जा. शेवटचा सल्ला आजींचा होता आणि तो मी पाळला. ऑफिसला जाण्यापूर्वी मी टाकीसमोर उभा राहून म्हणायचो, "हे बघ, माझी चूक झाली. पण तूही जरा मनावर घे." बायको डबा हातात देताना दुसरीकडे बघायची.

चौथ्या दिवशी दादाचा नेहमीचा अ‍ॅक्वेरियमवाला आला. अबोल माणूस. त्याने पाण्यात हात घालून शिंपल्याला अलगद एका कुशीवर वळवलं आणि खालून बघितलं.

"पाय फाटलाय," तो म्हणाला.

"शिंपल्याला पाय असतो?"

"एकच असतो. त्यातूनच ते तंतू निघतात." त्याने हात पुसला. "ओढला कोणी?"

मी म्हणालो, "हमालाने."

इतक्या सहज आलं ते. मी आयुष्य घालवलंय असली वाक्यं पकडण्यात. समोरचा माणूस एका शब्दात उत्तर देतो आणि लगेच खिडकीबाहेर बघतो. मी खिडकीबाहेर बघत होतो.

अ‍ॅक्वेरियमवाल्याने शिंपल्याखाली एक चपटा दगड ठेवला, दिवे वर चढवून उजेड कमी केला, आणि टाकीवर हात फिरवणाऱ्याला घरात घेऊ नका म्हणाला. "बाकी काय करायचं?" मी विचारलं. "वाट बघा," तो म्हणाला. "भरून आलं तर आलं."

रोज चार ते पाच ही इस्पितळात भेटीची वेळ. ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी जायचो आणि दादाच्या उशाशी बसून हालहवाल सांगायचो. दादा बोलू शकत नव्हता, म्हणून मी बोलायचो. आणि मला दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून शिंपल्याबद्दल बोलायचो. "आज अर्धा उघडला. आज जरा चिमटल्यासारखा वाटला, पण दुपारनंतर बरा." पहिले काही दिवस हे सगळं खरं होतं, फक्त थोडं पुसून स्वच्छ केलेलं. ओढल्याचं मी बोललो नाही. दादा डोळे मिटून ऐकायचा. मी थांबलो की डाव्या हाताचं बोट चादरीवर आपटायचा. पुढे.

नवव्या दिवशी दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला. "तुम्ही या," एवढंच म्हणाली.

शिंपला सताड उघडा होता. झालर खाली गळून पडलेली, त्यातला निळा गेलेला. पाणी गढूळ, आणि वास. तो वास जिना उतरून आमच्याआधी सगळ्यांना कळवून आला होता. बायको टाकीसमोर खुर्ची घेऊन बसली होती. तिने सकाळपासून तिथून हलायचं नाही असं ठरवलं होतं, का ते तिलाही सांगता येईना. म्हणाली, "एकटा कसा ठेवू?"

अ‍ॅक्वेरियमवाला येऊन मासे आणि पोवळी घेऊन गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, कारण तो हमालाच्या चुकीबद्दल होता.

मग सेक्रेटरी आले. नाकाला रुमाल. "कचरा ओला की सुका?"

"म्हणजे?"

"आतला भाग ओल्यात, वरचा सुक्यात. एकत्र टाकलात तर गाडीवाले घेणार नाहीत, आणि उद्या मला बोलणी बसतील."

मी गॅलरीत पाटावर बसलो, पुढ्यात वर्तमानपत्र, हातात चमचा. दोन-तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी बायकोने माझ्या हातातून चमचा काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही जा. चार वाजत आले."

मी गेलो. दादाच्या उशाशी बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आज पूर्ण उघडला होता."

ते खोटंही नव्हतं. त्याहून वाईट वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

त्यानंतर मात्र मी खोटं बोललो, बारा दिवस. आमच्या विभागात एक अनुभव आहे: खरा दावा दोन ओळींचा असतो, खोटा दोन पानांचा. माझे अहवाल लांबत गेले. झालरीवर नवे निळे ठिपके आले. सकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा तो डावीकडे कलतो. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली की दचकतो. घरी रिकाम्या टाकीत पंप चालूच होता. तो बंद करायचा मला धीर होईना. बायको रोज विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, "डॉक्टर म्हणाले, धक्का नको." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तीही थाप यादीत जमा.

इकडे दादा मात्र सुधारत होता. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येत. त्यांनी मला ताकीद दिली होती, "त्यांना शब्द सापडत नसेल तर तुम्ही पुरवू नका. थांबा. कितीही वेळ लागो." एक एक शब्द तो खणून काढायचा. एके दिवशी माझ्या अहवालाच्या मध्येच म्हणाला, "रात्री?"

"रात्रीही उघडाच असतो," मी उत्साहाने म्हणालो. "मी उठून बघतो ना! अगदी पूर्ण."

दादा मान वळवून खिडकीकडे बघत राहिला. मला वाटलं, समाधान पावला.

बाराव्या दिवशी मी झालरीचं वर्णन करत असताना त्याने हात वर केला. "थांब."

मी थांबलो.

"रात्री..." शब्द शोधायला त्याला वेळ लागला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वाटीत चमचा वाजवत होता. "रात्री... मिटतो. अंधारात... सगळे."

पंचवीस वर्षं मी ज्या खुर्चीत बसलो, तिच्या समोरची खुर्ची कशी असते ते मला त्या क्षणी कळलं.

"कधी?" दादाने विचारलं.

"बारा दिवस झाले."

त्याने डोळे मिटले. आता गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "दादा, मी ओढला. खडकावरून, हाताने. तुझी वही वाचली होती. तरी ओढला. वायरमन घाई करत होता, पण ते कारण नाही. अ‍ॅक्वेरियमवाल्याला सांगितलं हमालाने ओढला. पाय फाटला होता. नऊ दिवस जगला. आणि शेवटी मी त्याला कवचातून वेगळंही करू शकलो नाही, ते हिने केलं."

दादाच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. गेलेल्या बाजूच्याही. ते त्याला कळत नव्हतं, ओघळ कानापर्यंत गेला. मी रुमाल काढला, पण पुसायचा अधिकार मला आहे की नाही ते ठरेना, म्हणून तसाच धरून बसलो.

तो म्हणाला, "मी... पण."

"काय?"

त्याने डावा हात चादरीवरून उचलला आणि तीन बोटं दाखवली.

"तीन?"

मान हलली.

"तू मारलेस? तीन?"

"दोन... ओढून." मग तो अडला. तोंड हलत राहिलं. शब्द मला समोर दिसत होता, पण मी दात आवळून थांबलो. "एक... पडला. हातातून."

एवढ्या वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाला सांगणार? त्या वहीतली ती दोनदा अधोरेखित केलेली ओळ कुठून आली होती, ते मला आत्ता कळलं.

"तुला माझं खोटं कधी कळलं?"

विचारता विचारताच त्याने 'रात्री?' म्हटलं तो दिवस आठवून मी बोटं मोजली. सहा दिवस. सहा दिवस हा माणूस माझ्या कलणाऱ्या आणि दचकणाऱ्या शिंपल्याच्या गोष्टी चादरीवर बोट आपटत ऐकत होता.

"मग गप्प का राहिलास?"

"तू... येत होतास," तो म्हणाला. "रोज."

वॉर्डातल्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चला, वेळ संपली. चला." मी उठलो. उशाशी उगाच पाण्याचा पेला सरळ केला. "उद्या काय सांगू आता तुला?" मी विचारलं. "सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

"सांगू... नकोस," दादा म्हणाला. "ये."

घरी जाऊन मी पंप बंद केला. बायको आत भांडी लावत होती, तिचा हात थांबला. इतके दिवस ती घरघर होती, आता काहीच नव्हतं. तिने फक्त, "सांगितलंत," असं म्हटलं, आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गेलो. खुर्ची ओढून बसलो. दादाने मला पाहिलं, मी दादाला पाहिलं. मग तो पडून राहिला आणि मी बसून राहिलो. सबंध तासात आम्ही एकही शब्द बोललो नाही, आणि पाच वाजता मावशींना मला दोनदा हाक मारावी लागली.